मॅक्रो चालू ठेवायचे की बंद? गटाचे नियम ठरवणाऱ्यांसाठी

मित्रमंडळींचा काउंटर-स्ट्राइक या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळाचा सर्व्हर चालवायचा असो किंवा छोटी स्पर्धा भरवायची असो, मॅक्रोचा, म्हणजे एका बटणावर अनेक कृती बसवण्याच्या सोयीचा, नियम पहिल्या सामन्याआधीच ठरवलेला बरा. आमच्या गटात दोन्ही पद्धती चालवून झाल्या आहेत. माझं मत सगळ्यांना पटेल असं नाही, पण तुम्हाला ठरवायला उपयोग होईल.

आधी मोकळीक. तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. एकच बटण तासन्‌तास बडवत राहण्यात कौशल्य कुठलं? मनगट दुखणाऱ्याला तर ते जमतच नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात मॅक्रो खेळातच आहेत, पण ते तुमच्या वतीने आपोआप लढत नाहीत, बटण तुम्हालाच दाबावं लागतं. एका कीबोर्डवरून अनेक खात्यांना एकदम हुकूम देणारी सॉफ्टवेअर या खेळाच्या निर्मात्या ब्लिझार्डने २०२० मध्ये बंद केली. २०२५ मध्ये मात्र पुढचा योग्य हल्ला एकाच बटणावर देणारी सोय त्यांनी स्वतःच आणली, तीही हल्ल्यांचा वेग थोडा कमी करून. समोर संगणकाचा राक्षस असेल तिथे मीही हात सैल सोडेन.

समोर माणूस असला की मात्र माझं मत बदलतं. काउंटर-स्ट्रेफ घ्या. उजवीकडे धावताना उजवीकडची डी ही की सोडून डावीकडची ए क्षणभर दाबायची, पाय थांबतात आणि गोळी सरळ जाते. माणसाच्या हातून यात बारीक चूक होतेच. कधी दोन्ही कीज एकदम दाबल्या जातात, कधी मध्येच एक क्षण रिकामा जातो. रेझर कंपनीची कीबोर्डमधली स्नॅप टॅप ही सोय २०२४ मध्ये आली, वूटिंग या कंपनीनेही तशीच दिली. आधीची की सोडली नसली तरी शेवटी दाबलेलीच धरली जाते, त्यामुळे ती चूक पुष्कळशी कीबोर्डच निस्तरतो. त्याच ऑगस्टमध्ये काउंटर-स्ट्राइकच्या निर्मात्या व्हॉल्वने अधिकृत सर्व्हरवर असं काही आढळलं की खेळाडूला सामन्यातून बाहेर काढायला सुरुवात केली.

माझा निर्णय झाला तो संशयामुळे. कुणी एखादा देखणा राउंड काढला की ‘भारी रे!’ ऐवजी ‘ऑन आहे का?’ ऐकू येऊ लागलं. रेकॉर्डिंग परत पाहिलं तरी नुसत्या डोळ्यांना काही कळत नसे. आमच्यातला एक जण साध्या, जुन्या कीबोर्डवर खेळतो. सरावाने त्याचा हात बसलेला आहे. त्यालाही दर चांगल्या फटक्यानंतर खुलासा द्यावा लागे, आणि ते त्याच्या मनाला लागायचं. ज्यांना महागडा कीबोर्ड परवडत नव्हता, ती पोरं तर सराव करायचा कशाला असं विचारू लागली. या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बंदीने संशय पुरता गेला असं म्हणणार नाही. कुणाच्या कीबोर्डात काय चालू आहे ते आम्हाला तपासता येत नाही, शब्दावरच भिस्त ठेवावी लागते. पण वातावरण निवळलं, निदान मला तसं जाणवतं. कंट्रोलरला क्रोनस झेनसारखं यंत्र जोडून रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बंदुकीला बसणारा झटका, सांभाळून घेणं, हे तर मला कुठल्याच बाजूने पटत नाही.

बंदीतली खरी अडचण अपंग खेळाडूंची आहे आणि ती हलक्यात घेऊ नये. २०१८ चा एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर किंवा २०२३ चा प्लेस्टेशनचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर हाताला जमेल तशी बटणं मांडू देतो, पण कधी काय दाबायचं हे खेळाडूच ठरवतो. त्यामुळे ते आमच्याकडे बिनशर्त चालतात. डेस्टिनी २ या खेळाच्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये रेघ आखली ती अशी: खेळता यावं म्हणून बाहेरचं साधन चालेल, वरचढ ठरण्यासाठी नाही. आम्ही तीच उचलली. कुणी सवलत मागितली तर काय हवं एवढंच विचारतो, दाखला मागत नाही.

कंटाळवाण्या गोष्टींचं काय, असं कुणीतरी विचारेलच. व्हॉल्वने जंप-थ्रोचे बाइंड, म्हणजे उडी आणि फेक एकाच बटणावर बसवणारे आदेश, बंद केले, पण त्याच अपडेटमध्ये उडी मारून स्मोक (धुराचा बॉम्ब) टाकणं बाइंडशिवायच भरवशाचं करून दिलं. सोय सगळ्यांना सारखी मिळाली. म्हणून मॅक्रोची मागणी आली की आधी खेळाच्या सेटिंगमध्येच काही मिळतं का ते पाहा.

तुमचा गट मुख्यतः रेड, म्हणजे सगळे मिळून संगणकाच्या राक्षसाशी लढत, खेळत असेल तर खेळातले मॅक्रो खुशाल राहू द्या. आमनेसामने खेळणार असाल तर एका दाबात एकच कृती, असा नियम लिहून ठेवा. स्नॅप टॅप बऱ्याचदा कीबोर्डच्या प्रोफाइलमध्ये दडलेलं असतं, तेव्हा ते कुठून बंद करायचं हे नव्या खेळाडूला दाखवायला विसरू नका.