थ्रॉटल लिंकेज किटच्या नावाखाली ३०,२०० रुपयांची फसवणूक: जुन्या जीपवाल्यांनो, सावध राहा

जुन्या पेट्रोल जीपसाठी ‘प्रोग्रेसिव्ह थ्रॉटल लिंकेज’चं (म्हणजे पेडल दाबलं की रेस हळूहळू वाढवणाऱ्या जोडणीचं) इम्पोर्टेड किट बसवून देतो असं कोणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका. माझे ३०,२०० रुपये गेलेच, शिवाय वडिलांच्या काळापासून गाडीवर असलेला सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटरही (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) गेला. घरात आकडा सांगताना मान वर होत नव्हती. तरी लिहितोय, कारण तो माणूस नंबर बदलून आजही हाच धंदा करतोय.

गाडी माझी सीजे ३बी, उंच बॉनेटची, हरिकेन इंजिनवाली. ज्यांच्याकडे ती आहे त्यांना तिचं दुखणं सांगायला नको. ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत वायर नाही, लोखंडी दांड्या आहेत आणि मधे बेल क्रँक, म्हणजे ओढीची दिशा वळवणारा कोनातला तुकडा. पेडल बॉडीला, कार्बोरेटर इंजिनला. डांबरी रस्त्यावर काही जाणवत नाही. पण फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून गगनबावड्याकडच्या एखाद्या ओढ्यात दगडांवर गाडी चढवायला घ्या. इंजिन माउंटिंगच्या रबरांवर डोलतं, दांडी आपोआप ओढली जाते, रेस वाढते, गाडी हिसका देते, त्या हिसक्याने पाय पेडलवर आपटतो आणि रेस आणखी वाढते. मागे बसलेल्या माणसाचं डोकं हूडच्या पाइपवर आदळतं. ओल्या दगडावर अशा हिसक्यात चाक जागेवर फिरलं की गाडी आडवी सरकते.

यावर इलाज आहे आणि तो खरा आहे. कार्बोरेटरकडची लिव्हर लांब केली, म्हणजे दांडी फिरण्याच्या केंद्रापासून लांबच्या भोकात लावली, की तेवढ्याच पेडलला थ्रॉटल (कार्बोरेटरमधली झडप) कमी उघडतो. कॅमच्या आकाराची लिव्हर लावली तर सुरुवातीचं पेडल हळू आणि पुढचं जलद, असंही करता येतं. बाहेरच्या देशांत काही ऑफ-रोडवाले हे करतात. तो जे विकत होता ते तत्त्व शंभर टक्के बरोबर होतं, म्हणूनच माझा विश्वास बसला. तत्त्वाबद्दलच थापा मारणारा असता तर मी पहिल्याच फोनला ठेवून दिला असता.

त्याने व्हिडिओ पाठवला. जीप खडकावरून लोण्यासारखी चढत होती. १५,००० ॲडव्हान्स मागितला, दिला. मग पार्ट कस्टममध्ये अडकलाय म्हणून ६,८०० ड्यूटी. मग गाडी पुण्याच्या बाजूला हायवेलगत त्याच्या शेडवर नेऊन सोडायची, फिटिंगचे ४,५००. गाडी न्यायला गेलो तेव्हा ‘नव्या लिंकेजला कार्बोरेटर मॅच करावा लागला’ म्हणून आणखी ३,९००. ते दिल्याशिवाय चावी दिली नाही.

त्या व्हिडिओतली जीप डाव्या हाताच्या स्टिअरिंगची होती. हे आता डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्या गाडीचं पेडल उजवीकडे, त्यामुळे दांड्यांची सगळी मांडणीच वेगळी. तिकडचं किट आपल्या गाडीला जसंच्या तसं बसूच शकत नाही. आणि या माणसाने मला एकदाही माप विचारलं नाही. कार्बोरेटर सोलेक्स आहे की कार्टर, लिव्हरच्या भोकांमधलं अंतर किती, दांडी किती लांब, काही नाही. बेल क्रँक बनवणारा माणूस सगळ्यात आधी माप मागतो! पहिले पैसे पाठवताना यूपीआयच्या स्क्रीनवर गॅरेजचं नाव नव्हतं, कुठल्याशा साडी सेंटरचं होतं. मी तिथल्या तिथे विचारलं. ‘मेहुण्याचं खातं आहे, आपल्या जीएसटीचं काम चालू आहे.’ आता मला सांगा, जुन्या जीपच्या पार्टच्या बाजारात पक्कं बिल कोण देतं? अर्धा व्यवहार शब्दावर आणि ओळखीवर चालतो. मी वेगळं काही केलं नाही.

परत येताना गाडी बरी वाटली. मग एकदा गगनबावड्याजवळचा करूळ घाट उतरताना जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि पाय उचलला तरी रेस खाली येईना. उतार, वळण, समोरून ट्रक. क्लच दाबला, चावी बंद केली, ब्रेकवर उभा राहिलो. बॉनेट उघडलं तर ‘इम्पोर्टेड’ किट म्हणजे मोटारसायकलची ॲक्सिलरेटर वायर. तिचं कव्हर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकून वितळलेलं, आतली तार त्यात चिकटलेली. लिव्हर म्हणजे लोखंडी पट्टी कापून मारलेलं वेल्डिंग, वर काळा स्प्रे. नखाने खरवडला तर खाली गंज. वायर टाकायला हरकत नसते, उलट इंजिन हललं तरी ती ओढली जात नाही. पण ती मॅनिफोल्डपासून लांब, क्लिपने बांधून न्यायची असते आणि कार्बोरेटरजवळ परतीची स्प्रिंग वेगळी लागते. इथे स्प्रिंगच नव्हती. माणूस मेला असता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेकॅनिकने पुढचा धक्का दिला. कार्बोरेटर माझा नव्हताच. माझ्या कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठणाऱ्या कप्प्याच्या) झाकणावर पंचाने मारलेली दोन ठिपक्यांची खूण होती. याच्यावर काही नाही, आणि थ्रॉटलचा शाफ्ट बोटाने हलत होता. गाडी कोणाकडेही सोडताना कार्बोरेटर, डायनॅमो, स्टार्टर, सगळ्याचे जवळून फोटो काढा. काढलेले जुने पार्ट तिथेच मागून घ्या.

आता तक्रारीचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. ‘पिन तुम्ही टाकला, वस्तू मिळाली, मग हा सायबर गुन्हा नाही.’ बँकेचं तेच. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘हा दिवाणी मामला आहे.’ तिथे बसून राहिलो तर ‘माणूस पुण्याकडचा, तिकडे जा.’ तिकडे गेलो तर ‘पैसे कोल्हापुरातून गेले, तिकडे जा.’ अर्जावर पोच मागितली तर साहेब बाहेर गेलेत. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. मी दोन्ही छापून नेली होती. अंमलदाराने कागद बाजूला सारला आणि म्हणाला, गाडीत बदल केलेत, आरटीओला कळवलं तर तुमच्यावरच येईल. म्हणजे तक्रारदारालाच दम! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या तपशिलांशी विसंगत बदलांबद्दल बोलतं. ॲक्सिलरेटरच्या दांडीचा आरसीत उल्लेख कुठे आहे? लुटल्याचं जेवढं दुःख नाही, तेवढं या टोलवाटोलवीचं आहे. सामान्य माणसाने जायचं कुठे? ठाण्याने नाकारलं तर त्याच कलम १७३ च्या पोटकलम ४ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवता येतो. मी पोस्टाने पाठवलाय. पावती जपून ठेवा, तीच तुमची पोच.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वाल्यांनी निदान नीट ऐकून घेतलं, पण दुकानाचा पत्ताच नाही तर ते तरी कोणाला कळवणार. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. हे मला एकाही कार्यालयात कोणी सांगितलं नाही.

आणि गाडीचं दुखणं किती रुपयांत गेलं? जुन्या दांड्या डिकीत टाकलेल्या सापडल्या म्हणून बरं. दोन बॉल जॉइंट ३६० रुपये, बेल क्रँकचा बुश लेथवर नवा करून २५०, इंजिन माउंटिंग ९००, मजुरी ६००. एकूण २,११०. लिव्हरला बाहेरच्या बाजूला एक जादा भोक त्याच मजुरीत पाडून दिलं. पेडलच्या शेजारी टाच टेकायला पट्टीही लावली, कारण टाच टेकलेली असली की पाय उडत नाही. बऱ्याच गाड्यांचा बराचसा हिसका जॉइंटच्या ढिलाईचा आणि दबून बसलेल्या माउंटिंगचाच असतो. आधी ते बघा, मग किटचं नाव काढा. बदली कार्बोरेटरला मात्र ९,५०० वेगळे गेले.

त्याच साडी सेंटरच्या नावावर तुमचेही पैसे गेले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि चॅट पुसू नका. आयोगाच्या परवानगीने अनेक ग्राहकांना मिळून एक तक्रार करता येते. मी कागद तयार ठेवलेत, पुढची तारीख लागायच्या आत संपर्क करा.