सातपूरच्या गाळ्यात भाजलेली कॉफी : 9 महिने, 22 पिशव्या

मागच्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, पहिली पिशवी आणली. परवा आणली ती बाविसावी. पाव-पाव किलोच्या पिशव्या, म्हणजे साडेपाच किलो कॉफी आम्हा दोघांसाठी आणली. हिवाळा, उन्हाळा आणि आता पाऊस, तिन्ही ऋतू त्या कॉफीने आमच्या घरात काढले. दोन-चार कप पिऊन मत देण्यात अर्थ नव्हता, म्हणून आता लिहितो आहे.

भाजणाऱ्या मुलाचं नाव लिहीत नाही. पुढे एक-दोन तक्रारीही येणार आहेत आणि त्या मी त्याला तोंडावर सांगून झाल्या आहेत. नाशिकच्या सातपूरला एका गाळ्यात त्याचं 5 किलोचं ड्रम रोस्टर आहे, म्हणजे फिरत्या पिंपात दाणे भाजणारं मशीन, गॅसवर चालणारं. आठवड्यातून दोन दिवस भाजतो.

मी 24 वर्षं नाशिकच्याच अंबडला हीट ट्रीटमेंटमध्ये काम करतो. लोहार कोयत्याला पाणी देतो, तेच काम आम्ही गिअर आणि शाफ्टवर मोठ्या भट्टीत करतो. कोणता लॉट, किती डिग्रीला, किती वेळ, कशात विझवला, या सगळ्याचा चार्ट निघतो आणि चार्ट नसलेला माल आमच्याकडून बाहेर जात नाही. त्यामुळे पहिल्यांदा त्याच्या गाळ्यावर गेलो तेव्हा कॉफीच्या वासाआधी माझं लक्ष गेलं ते मशीनशेजारच्या वहीकडे. तारीख, बॅच नंबर, कच्च्या दाण्याचं वजन, दर मिनिटाचं तापमान, क्रॅकची म्हणजे दाणा तडकण्याची वेळ, बाहेर काढल्याची वेळ, भाजल्यानंतरचं वजन. सगळं पेनाने लिहिलेलं. त्या वहीमुळे मी त्याचा गिऱ्हाईक झालो.

भाजणं समोर पाहिलं नसेल तर एकदा जरूर पाहा. कच्चा दाणा हिरवट-राखाडी असतो आणि त्याला कॉफीचा वास अजिबात नसतो. वाळक्या गवतासारखा, कच्च्या वाटाण्यासारखा काहीतरी वास येतो. त्यात 10 ते 12 टक्के ओल असते. ड्रम 190 च्या आसपास तापला की तो 4 किलो दाणे आत सोडतो. आकडा झरझर खाली येतो, दीडेक मिनिटात 90 च्या जवळ थांबतो आणि मग वर चढायला लागतो. इथे दाणे 90 डिग्रीचे झाले असं समजू नये. थर्मोकपलला, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेला, दाणा आणि गरम हवा दोन्ही लागत असतात, दाण्याचा गाभा अजून थंडच असतो. आमच्या भट्टीतही नवीन मुलं हीच चूक करतात, भट्टीचा आकडा म्हणजेच जॉबचा, आत ठेवलेल्या मालाचा, आकडा धरून चालतात.

दीडशेच्या पुढे दाणा पिवळा पडतो आणि गवताचा वास जाऊन भाकरीचा पापुद्रा शेकतानाचा वास येतो. मग तांबूस रंग. 196 च्या आसपास, नवव्या मिनिटाला, पहिला क्रॅक. आत कोंडलेली वाफ आणि वायू दाणा फोडून बाहेर येतात, लाह्या फुटल्यासारखा आवाज होतो. तिथपासून पुढची दीड-दोन मिनिटं सगळा खेळ ठरवतात. लगेच काढलं तर आंबटसर, फळांच्या अंगाची कॉफी. 224 च्या पुढे दुसरा क्रॅक होतो, सुक्या काटक्या मोडल्यासारखा बारीक आवाज, आणि मग दाण्यावर तेल येतं. तिथे कडू, धुरकट चव मिळते आणि दाणा कुठल्या मळ्यातला हे कळायचं बंद होतं. माझ्या आवडीची मध्यम भाजणी तो 210-212 ला काढतो. 4 किलोचे साधारण 3 किलो 400 ग्रॅम उरतात. बाकीचं पाणी, वायू आणि कोंड्यासारखं उडणारं पातळ टरफल.

बाहेर काढलेले दाणे गोल जाळीवर पडतात, खालून पंखा हवा ओढतो, चार मिनिटांत हाताला गार. हा भाग मला सगळ्यात ओळखीचा वाटला. बंद केल्याने भाजणं थांबत नाही, गार केल्याने थांबतं.

हेच मला घरी वेगळ्या भाषेत ऐकायला मिळालं. डिसेंबरात त्याच्याकडून 100 ग्रॅम कच्चे दाणे आणले आणि लोखंडी कढईत भाजून पाहिले. मी घड्याळाकडे बघत होतो. बायकोने दोन मिनिटांत माझ्या हातातून उलथनं घेतलं. चकलीची भाजणी ती दरवर्षी घरीच करते. तांदूळ वेगळे, हरभरा डाळ वेगळी, उडीद डाळ वेगळी, धणे सगळ्यात शेवटी, कारण प्रत्येकाची वेळ निराळी. तिने आच कमी केली, हात थांबू दिला नाही आणि क्रॅक सुरू होऊन जेमतेम मिनिट झालं असेल, तेव्हा म्हणाली, “आता उतरवा. कढई तापलेलीच आहे, आतल्या आत भाजत राहील.” 84 ग्रॅम उतरले. काही दाणे काळपट, काही फिकट, आणि टरफलं ओट्यावर सगळीकडे. पण प्यायला चांगली लागली. पुढच्या खेपेला मी हा प्रसंग त्या मुलाला सांगितला तर तो म्हणाला, “काका, मीही दोन मळ्यांचे दाणे कधीच एकत्र भाजत नाही. वेगळे भाजतो, मग मिसळतो. काकूंना एकदा घेऊन या.” तिला घेऊन गेलो. ती अर्धा तास मशीनजवळ उभी होती. पिवळ्याचा तांबूस होताना वास कुठे बदलतो ते तिने त्याच्याआधी ओळखलं.

आता रोजच्या वापराबद्दल. दाणे चिकमगळूरच्या बाजूचे, धुतलेले, म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेले अरेबिका, प्रत ‘प्लांटेशन ए’. ए म्हणजे 6.65 मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा दाणा. जात बहुतेक वेळा एस. 795. या जातीत चिंच आणि गुळाची छटा असते असं जाणकार सांगतात, आणि आमटीवर वाढलेल्या माणसाला ती ओळखायला कष्ट पडत नाहीत. पहिल्या घोटात नाही कळत. कप कोमट झाला की मागून येते.

रोज 20 ग्रॅम दाणे, हाताच्या ग्राइंडरवर दळून, 300 मिलिलिटर पाणी, फ्रेंच प्रेस (दांड्याने गाळ खाली दाबायचं भांडं), चार मिनिटं. दोन कप होतात. पिशवी 480 रुपयांची, म्हणजे कपामागे 19 रुपयांच्या आसपास. आधीच्या पावडरपेक्षा नक्कीच महाग. ती पावडर चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड, मिसळलेली होती. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात निम्म्याहून जास्त, किमान 51 टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. मी इतकी वर्षं ते वाचलंच नव्हतं. चिकोरी वाईट असं मी म्हणणार नाही. दाटपणा तिच्यामुळे येतो, आणि पहिले दोन महिने बायकोला तोच आठवत होता.

तिची कॉफी वेगळी. दुधातली, साखर घातलेली, वरून जायफळ किसून. आमच्याकडे कॉफी म्हटली की हीच, पाहुणे आले की हीच. मध्यम भाजणीची कॉफी त्या दुधात हरवते, आणि फिकट भाजणीची तर नकोच. एकदा करून पाहिली, आंबट ताकाच्या वळणावर गेली. तिच्यासाठी तो थोडी गडद भाजणी देतो, दुसरा क्रॅक सुरू व्हायच्या जरा आधी काढलेली. ती स्टीलच्या दक्षिणी फिल्टरमध्ये रात्री लावून ठेवायची, सकाळी दुधात. जायफळाबरोबर ती इतकी जमते की आता पाहुण्यांनाही तीच मिळते. म्हणून महिन्याला एक पिशवी गडद आणि बाकीच्या मध्यम, असा आमचा हिशोब बसला आहे.

नवीन घेणाऱ्यांनी एक गोष्ट माझ्या चुकीवरून शिकावी. पहिली पिशवी भाजल्याच्या दिवशीच घरी आणून त्याच संध्याकाळी फोडली. ताजी म्हणजे उत्तम, भाजीसारखं, असं माझं गणित. कॉफीवर फेस भरपूर, चव मात्र तुरट आणि विस्कळीत. भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, तो हळूहळू निघतो. पिशवीला बारीक झडप असते ती त्यासाठीच. वायू भरपूर असला की पाणी दाण्यात नीट शिरत नाही. मी नंतर रोजची नोंद ठेवली. माझ्या घरात मध्यम भाजणी सातव्या दिवशी उघडावी, विसाव्या-बाविसाव्या दिवसापर्यंत ती छान असते, महिन्यानंतर सपाट होते. त्यामुळे दुकानात उभं राहून आधी भाजल्याची तारीख बघा. नुसती ‘एक्स्पायरी’ छापलेल्या पिशवीवरून काहीच समजत नाही.

पाण्याचंही तसंच. आरओचं पाणी वापरत होतो तोवर कॉफी पोकळ लागायची. आता अर्धं आरओचं, अर्धं साधं गाळलेलं, उकळून मिनिटभर थांबून ओततो. एवढ्यानेच फरक पडला.

आता जानेवारीची पिशवी. ती उघडली आणि वासच आला नाही. करपलेली नव्हती, कच्चीही नव्हती. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी, पावासारखी, गोडी नाही, आंबटपणा नाही. तीन दिवस दळण बदललं, पाणी बदललं. चौथ्या दिवशी पिशवी घेऊन गाळ्यावर गेलो. हे मी मोठ्या कंपनीच्या पाकिटाच्या बाबतीत कधीच केलं नसतं, कुणाकडे जाणार? त्याने पिशवीवरचा बॅच नंबर पाहिला, वही उघडली आणि गप्प झाला. नेहमी नवव्या मिनिटाला होणारा क्रॅक त्या बॅचला 13 मिनिटं 40 सेकंदांनी झाला होता. मधली तीन मिनिटं तापमान जवळजवळ हललंच नव्हतं. दाणे भाजले जाण्याऐवजी नुसते शेकत राहिले होते.

कारण आम्ही दोघांनी मिळून शोधलं. थंडीचा कडाका होता, सकाळी सातला भाजायला घेतलेलं, सिलिंडर अर्ध्याच्या खाली. एलपीजीच्या द्रवाचा वायू होताना उष्णता लागते, ती सिलिंडर स्वतःच्या अंगातून देतो आणि गार पडतो. बाहेर आधीच थंडी असली की दाब उतरतो आणि बर्नरला पुरेसा गॅस पोचत नाही. ज्योत दिसायला पेटलेली असते. आमच्याकडे पूर्वी छोट्या भट्टीला हाच त्रास झाला होता. आता तो दोन सिलिंडर जोडून चालवतो, प्रेशर गेजचा आकडा वहीत लिहितो आणि हिवाळ्यात नऊच्या आधी सुरू करत नाही. मला दुसरी पिशवी दिली, पैसे घेतले नाहीत. त्या बॅचच्या उरलेल्या पिशव्याही विकल्या नाहीत.

माझी तक्रार चुकीबद्दल नव्हतीच. वहीत 13:40 लिहिलेलं असताना तो माल पिशवीत भरला गेला, याबद्दल होती. लिहायचं आणि वाचायचं नाही, याला नोंद म्हणत नाहीत. मी त्याला हे स्पष्ट बोललो आणि त्याने ते ऐकून घेतलं.

दुसरी गोष्ट मे महिन्यातली. अचानक कॉफी जास्त तरतरीत, लिंबाच्या सालीसारखी लागली. चांगली होती, पण माझी नव्हती. विचारल्यावर कळलं की नव्या हंगामाचा दाणा सुरू झाला. कर्नाटकात अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होते, मग वाळवणं, सोलणं, प्रतवारी, आणि नवा माल भाजणाऱ्यापर्यंत उन्हाळ्यात पोचतो. जुन्या दाण्याची ओल कमी झालेली असते, नवा दाणा घट्ट आणि ताजा. त्याच आचेवर दोघं सारखे भाजले जात नाहीत. त्याला आच बदलून जुळवायला तीन बॅच लागल्या. नाशिकच्या माणसाला यात नवल नाही, एकाच वेलीची द्राक्षं दोन वर्षं सारखी गोड निघत नाहीत. पण हे पिशवीवर लिहिलेलं पाहिजे. लेबलवर ‘मध्यम’ तेच, किंमत तीच, आणि आतला दाणा वेगळ्या वर्षाचा, हे गिऱ्हाइकाला चवीवरून ओळखायला लावू नये.

पावसाळ्यात एक किरकोळ त्रास: पिशवीची झिप चार-पाच वेळा उघडली की नीट बसत नाही. मी दाणे काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत काढून अंधाऱ्या फडताळात ठेवतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढलं की दाण्यांवर दव धरतं.

परवाच्या पिशवीवर पहिल्यांदाच हंगामाचं वर्ष आलं आहे, पेनाने लिहिलेलं, शेजारी बॅच नंबर आणि भाजल्याची तारीख. पुढच्या मंगळवारी तो पीबेरी भाजणार आहे. फळात दोनऐवजी एकच गोल दाणा धरतो, ती. गोल दाणा ड्रममध्ये वेगळा लोळतो, त्यामुळे आच कशी ठेवायची हे त्याचं अजून ठरायचं आहे. अर्धा किलो सांगून ठेवली आहे, आणि त्या दिवशी अंबडहून सुटलो की आधी गाळ्यावर जाणार आहे. बायकोही येते म्हणाली आहे.