हँडलचा दोन काचांचा जुना पेट्रोल पंप : सात-आठ महिने वापरून झाल्यावर

जुने ऑइलचे डबे, पेट्रोल कंपन्यांच्या इनॅमलच्या पाट्या असलं गोळा करायचा नाद मला बरीच वर्षं आहे, पण हातानं चालवायचा अख्खा पंप आपल्याला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. सांगली-मिरज रोडच्या बाजूला एका भंगारवाल्याच्या आवारात उसाच्या ट्रॉलीच्या चॅसीखाली आडवा पडलेला. तासगाव भागातल्या कुठल्यातरी बंद पंपावरनं आलाय एवढंच त्यांना माहीत होतं, बिडाच्या भावानं वजन करून दिला. खरं नशीब म्हणजे आतलं पितळ कुणी काढलं नव्हतं, भंगारात माल आला की सगळ्यात आधी पितळच जातं.

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर पाच-पाच लिटरच्या दोन काचा, बाजूला लांब हँडल. हँडल पुढंमागं ओढलं की टाकीतलं पेट्रोल चढून एका काचेत येतं, पाच लिटरच्या वर गेलेलं आतल्या उभ्या नळीतनं परत टाकीत पडतं, म्हणजे काचेत बरोब्बर पाचच लिटर उरतं. मग खालचा कॉक (तोटीची चावी) फिरवायचा, ती काच आपोआप पाईपमधनं गाडीत रिकामी होते आणि हँडल चालूच ठेवलं की तोवर दुसरी भरत जाते. मीटर नाही, लाईट नाही, गिऱ्हाईकाला पेट्रोल किती आणि कसलं हे डोळ्यासमोर दिसतंय. अमेरिकेत १९२० च्या दशकात एकाच उंच काचेचे, बहुतेक दहा गॅलनचे पंप असायचे आणि पुढं १९३० च्या दशकात पैशांचा हिशोब दाखवणारे पंप आल्यावर ते मागं पडले, पण आपल्याकडं जिथं वीजच पोचली नव्हती तिथं असला हँडलचा पंपच कामाचा होता.

माझ्या पंपावर माप लिटरमध्ये आहे. आपल्याकडं मेट्रिक मापं (लिटर, किलो) कायद्यानं आली १९५६ ला आणि टप्प्याटप्प्यानं १९६० च्या आसपास लागू झाली, त्याआधी गॅलन, त्यामुळं हा त्यानंतरचा हे नक्की. वरचा रंग निळा-पिवळा, पण दाराच्या कडेला जिथं पोपडा सुटलाय तिथं खाली लाल दिसतो आणि लालावर शिंपल्याच्या चित्राची अर्धी कड. म्हणजे हा बर्मा-शेल ह्या जुन्या पेट्रोल कंपनीचा. २४ जानेवारी १९७६ ला सरकारनं ती कंपनी ताब्यात घेतली, आधी भारत रिफायनरीज आणि १९७७ ला भारत पेट्रोलियम असं नाव झालं, आणि कुणीतरी ब्रश घेऊन ह्या पंपावर नवा रंग मारला. ब्रशचे केस अजून रंगात अडकलेत. एवढं सगळं त्या नखाएवढ्या पोपड्यात दिसतंय, म्हणून कुपवाड एमआयडीसीत सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग मारून चकाचक करू असं ज्यांनी ज्यांनी सुचवलं त्या सगळ्यांना मी नाही म्हटलं. आज सात-आठ महिन्यांनी तर माझं मत अजून पक्कं झालंय, जुना रंग घालवला की तो पंप कुणाचाही आणि कुठलाही होतो. फक्त ओल्या फडक्यानं धूळ-ग्रीस काढलं (जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासू नका, मास्क लावा) आणि वरनं गाडीचं वॅक्स.

दुसरी जपलेली गोष्ट म्हणजे सील. ती उभी नळी किती उंच त्यावर माप ठरतं, म्हणून तिच्या नटात तार ओवून वजनमाप निरीक्षकाचं शिशाचं सील मारलेलं आहे, ठसा झिजलाय पण अंगठा फिरवला की अक्षरं लागतात. तो नट मी सोडलेलाच नाही, आतली सफाई दुसऱ्या बाजूनं केली.

दुरुस्तीत एक काच तडकलेली होती, ती प्रयोगशाळेची काचेची भांडी करणाऱ्याकडनं बोरोसिलिकेटची नळी मापात कापून घेतली. ॲक्रिलिक स्वस्त पडतं पण घेऊ नका, थिनर-पेट्रोल लागलं की त्याला जाळीसारखे तडे जातात. हँडलचा काटा मोडका होता. किर्लोस्करवाडीला १९१० पासनं ओतकाम चालू आहे, तिथं आयुष्य घालवलेले एक रिटायर्ड पॅटर्नमेकर (ओतकामाचे लाकडी नमुने करणारे) आमच्या ओळखीत निघाले, त्यांनी मोडक्या तुकड्यावरनं लाकडी पॅटर्न केला आणि गनमेटलमध्ये ओतून दिला. ओतताना धातू आकसतो तेवढं माप त्यांनी पॅटर्नमध्ये वाढवून धरलं होतं, काटा पिनवर असा बसला की कानस लावायची वेळच आली नाही. गंजलेले नट सोडवायला डिझेल टाकून भिजत ठेवले, गॅसची ज्योत अजिबात लावायची नाही, जुन्या पंपात पेट्रोलची वाफ कुठं अडकून बसलेली असेल सांगता येत नाही.

आता वापराचं. आतला पिस्टन चामड्याच्या वॉशरवर चालतो, हापशात असतो तसाच, तसला वॉशर सांगलीच्या गणपती पेठेत मिळाला आणि थोडा छाटून, एरंडेल तेलात मुरवून बसवला. हे चामडं सुकलं की आकसतं आणि पंप हवा ओढायला लागतो. म्हणून दर रविवारी हँडल मारायचंच. उन्हाळ्यात लग्नसराईमुळं मध्ये खंड पडला तेव्हा हँडलचे पहिले दहा-बारा झटके कोरडेच गेले, मग उचललं. पेट्रोल घरात असं साठवायचं नाही हे सांगायला नको, मी लाईट पॅराफीन ऑइल भरलंय, त्यात मेणबत्तीचा लाल रंग. काचेत चढताना इतकं सुंदर दिसतं की येणारा प्रत्येक जण एकदा तरी हँडल मागतोच.

आमच्या गल्लीतले एक काका, एसटीतनं रिटायर झालेले, तरुणपणी असल्या पंपावर कामाला होते. त्यांनी हँडलला हात घातला आणि न बघता, नुसत्या आवाजावरनं काच भरली ओळखून डाव्या हातानं कॉक फिरवला. मला अजून बघितल्याशिवाय जमत नाही. भरत आली की आवाज जड होतो, म्हणाले.

त्रासाचं म्हणाल तर पावसाळा. जुलै-ऑगस्टला खालच्या पेटीत दमट हवा कोंडून दाराच्या आतनं गंज फुटला आणि पितळी प्लेटच्या मागं हिरवं धरलं. दार किलकिलं ठेवणं आणि आत सिलिका जेल एवढ्यानं आटोक्यात आलं. कॉर्कचे गॅस्केट झिरपत होते, नायट्रिल रबर शीटचे कापून घातल्यावर बंद झालं, फक्त काच धरणारे उभे रॉड आवळताना समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकच बाजू पिळली तर काच गेली म्हणून समजा. वजनही भरपूर आहे, वरच्या मजल्यावर न्यायचा विचार असेल तर आधी स्लॅबचं विचारून घ्या.

घेताना बघायचं म्हणाल तर आधी हँडल हलतंय का, कॉक फिरतोय का, पितळ जागेवर आहे का आणि सील शाबूत आहे का एवढं बघा, रंग उडालेला असला तरी चालेल. सजावटीसाठी नव्या पत्र्याचे करतात ते हलके असतात, टिचकी मारली की कळतं. माझ्याकडं एवढंच कमी आहे की मूळ पितळी नोझल नाही, सध्या दुसऱ्या पंपाचा लावलाय आणि त्याची आटी थोडी वेगळी असल्यानं टेफलॉन टेप गुंडाळून भागवतोय. कुणाच्या गॅरेजात पडून असेल तर सांगा, योग्य पैसे देऊन घेईन.