रावपुऱ्यातला ड्रॉ-शीटचा संच: घ्यावा, पण पहिली शीट नव्याने आखून

गणपती महिन्यावर आले की बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या स्पर्धांची जुळवाजुळव सुरू होते. मैदान, चेंडू, पंच, चषक सगळं वेळेवर ठरतं, ड्रॉ, म्हणजे कुणाची लढत कुणाशी याचा तक्ता, मात्र आदल्या रात्री कुणीतरी कार्डशीटवर स्केचपेनने आखतं. चषक कुणाच्या घरी जाणार यात त्या आखणीचा वाटा मोठा असतो. म्हणूनच रावपुऱ्यातल्या एका छपाईच्या दुकानात मिळणारा तयार ड्रॉ-शीटचा संच नीट तपासून घेण्यासारखा आहे.

संचात तीन बाय चार फुटांच्या पाच शीट येतात, किंमत १,४५० रुपये. सरळ नॉकआउट, दोन गट आणि उपांत्य सामने, आयपीएलसारखं चार संघांचं प्लेऑफ (साखळीनंतरचे निर्णायक सामने), डब्ल्यूपीएलसारखं, म्हणजे महिलांच्या प्रीमियर लीगसारखं, तीन संघांचं प्लेऑफ आणि कुस्तीसाठी रेपेचाज, म्हणजे हरलेल्यांना दुसरी संधी. छपाई सनपॅकच्या प्लास्टिक शीटवर आहे, त्यामुळे उन्हात वाकत नाही आणि भाद्रपदातल्या सरीने रंग उतरत नाही. सोबतच्या नावांच्या चिकटपट्ट्या मात्र दमट हवेत तासाभरात सुटू लागतात. त्या बाजूला ठेवा आणि परमनंट मार्करने थेट शीटवर लिहा. स्पर्धा संपल्यावर कापसावर सॅनिटायझर घेऊन पुसलं की शीट पुढच्या वर्षी पुन्हा चालते.

आता पहिली शीट. सोळा ओळींचा नॉकआउट आणि खाली ठळक सूचना: ‘संघांची नावे वरून क्रमाने लिहावीत.’ सगळा घात या एका ओळीत आहे. समजा खो-खोला ११ संघ आले. सूचनेप्रमाणे भरलं तर १२ ते १६ या ओळी रिकाम्या राहतात. अकराव्या ओळीतल्या संघाला पहिल्या फेरीत बाय मिळते, म्हणजे न खेळताच तो पुढे जातो. मग नऊ-दहामधल्या विजेत्याशी एक सामना. त्यानंतर उपांत्य फेरीत समोर कुणीच नाही, कारण १३ ते १६ चा चौकोनच रिकामा. म्हणजे हा संघ एक सामना जिंकून अंतिम फेरीत उभा, आणि पहिल्या ओळीतला संघ तिथे पोचायला तीन सामने धावून आलेला. खो-खोत तीन सामने धावलेले पाय आणि ताजे पाय यांत केवढा फरक पडतो हे पाटीवर बसलेल्या कुणालाही विचारा. ज्या बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने खो-खोच्या नियमांना आकार दिला, तिथे तरी ड्रॉ असा आखला जाऊ नये.

बरोबर रीत शारीरिक शिक्षणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात, ती अशी. संघांच्या संख्येच्या पुढची दोनाची घात (२, ४, ८, १६, ३२ यांतली संख्या) घ्या, ११ साठी १६. वजा केलं की बाय निघतात, पाच. संघ वरच्या भागात सहा, खालच्या भागात पाच. बाय वर दोन, खाली तीन. पहिली बाय खालच्या भागातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या भागातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या पहिल्याला, चौथी वरच्या शेवटच्याला, पाचवी खालच्या शेवटून दुसऱ्याला. मग पहिल्या फेरीत तीनच सामने उरतात: दोन विरुद्ध तीन, चार विरुद्ध पाच, आठ विरुद्ध नऊ. पुढच्या फेरीत बरोबर आठ संघ, आणि कुणीही तीनपेक्षा कमी सामने जिंकून विजेता होत नाही. एकूण सामने दहाच राहतात, कारण नॉकआउटमध्ये दर सामन्याला एक संघ घरी जातो. मागच्या वर्षीचा विजेता सर्वांत वर आणि उपविजेता सर्वांत खाली ठेवला, की ते दोघे अंतिम फेरीआधी भेटत नाहीत. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या काढाव्यात. दुकानदार सांगितल्यास ८, ११, १२ अशा हव्या त्या संख्येची शीट नव्याने आखून देतात. पहिली शीट तशीच करून घ्या.

दुसरी शीट चांगली आहे. दोन गट, शेजारी गुणतक्ता, खाली अ गटातला पहिला विरुद्ध ब गटातला दुसरा आणि ब गटातला पहिला विरुद्ध अ गटातला दुसरा. गुणतक्त्यात नेट रनरेटचा (आपल्या षटकामागच्या धावा वजा समोरच्यांच्या) रकानाही दिला आहे, पण तो भरायचा कसा याचा कुठे उल्लेख नाही, आणि मंडळांच्या क्रिकेटमध्ये निम्मी भांडणं याच रकान्यावरून होतात. दहा षटकांचा सामना धरा. पहिला संघ ७.३ षटकांत ६२ धावांवर सर्वबाद. दुसऱ्याने ८.२ षटकांत ६३ केल्या. सर्वबाद झालेल्या संघाची षटकं पूर्ण दहा धरायची असतात, म्हणून त्यांचा रेट ६.२०. जिंकणाऱ्यांची ८.२ षटकं म्हणजे ८ षटकं आणि दोन चेंडू, भागाकारात ८.३३, रेट ७.५६. फरक अधिक १.३६. आता कुणी घाईत सर्वबाद संघाची साडेसातच षटकं धरली, तर त्यांचा रेट ८.२७ होतो आणि सामना जिंकलेल्या संघाच्या नावापुढे उणे ०.७१ लागतं! हे गणित कागदावर लिहून रकान्याशेजारी चिकटवा. एका सामन्याचं हे उदाहरण झालं. तक्त्यात मात्र सगळ्या सामन्यांच्या धावांची बेरीज भागिले षटकांची बेरीज करायची, सामन्यागणिक आलेले रेट एकमेकांत मिळवायचे नाहीत.

संचातली सर्वांत मोलाची शीट तिसरी, चार संघांच्या प्लेऑफची. आयपीएलने २०१० पर्यंत साधे उपांत्य सामने खेळवले आणि २०११ पासून ही पद्धत घेतली. हिचं मूळ ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये आहे, १९३१ साली व्हिक्टोरियातल्या लीगने ती आणली. पहिला आणि दुसरा आपसात खेळतात, जिंकणारा थेट अंतिम फेरीत. तिसरा-चौथा खेळतात, हरणारा बाहेर. मग पहिल्या लढतीत हरलेला आणि दुसऱ्या लढतीत जिंकलेला भिडतात. सगळे संघ तुल्यबळ मानले, तर साध्या उपांत्य पद्धतीत चौघांनाही चषकाची संधी २५ टक्के. या पद्धतीत वरच्या दोघांना साडेसदतीस, खालच्या दोघांना साडेबारा. साखळीत घाम गाळला त्याचं मोल असं मिळतं, आणि खालच्यांचं दारही बंद होत नाही: २०१६ मध्ये सनरायझर्स हैदराबाद तिसऱ्या क्रमांकावरून तिन्ही सामने जिंकून विजेते झाले.

मंडळांना ही पद्धत महाग वाटते, पण ती तशी नाही. आठ संघ, दोन गट, गटांत १२ सामने. उपांत्य-अंतिम धरून १५ होतात, या पद्धतीने १६. एका जादा सामन्यात एवढा न्याय मिळतो. दोन्ही गटांतले पहिले पहिल्या लढतीत, दुसरे दुसऱ्या लढतीत. शीटवर मात्र वेळ लिहायला जागा नाही, आणि एकाच दिवशी सगळं उरकताना तीच लागते. वरच्या दोघांचा सामना आधी लावा, म्हणजे हरलेल्याला विश्रांती मिळते. दुसऱ्या लढतीतला विजेता लगेच पुन्हा उतरणार, म्हणून मध्ये पाऊण तास सोडा. कबड्डीत तर सोडायलाच हवा, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव खेळून लगेच चढाईला जाणं म्हणजे गुडघ्यांशी वैर.

चौथी शीट डब्ल्यूपीएलची. पाच संघांच्या स्पर्धेला नेमकी बसते: पहिला थेट अंतिम फेरीत, दुसरा-तिसरा आपसात खेळतात, जिंकणारा तिथे. २०२५ मध्ये डब्ल्यूपीएलचे सुरुवातीचे सामने कोटंबीच्या मैदानावर झाले, त्यामुळे बडोदेकरांना ती परिचित आहे. तुल्यबळ संघांत पहिल्याला ५० टक्के संधी, म्हणजे अव्वल स्थानाचा मान इथे सर्वाधिक. तरी २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी दिल्ली कॅपिटल्स साखळीत अव्वल राहिली आणि तिन्ही अंतिम सामने हरली. २०२४ मध्ये तर तिसऱ्या क्रमांकाच्या बंगळुरूने चषक नेला. तीन सामन्यांवरून पद्धतीला दोष देता येत नाही, पण थेट अंतिम फेरीत गेलेल्या संघाची लय तुटू नये म्हणून मंडळाच्या स्पर्धेत साखळी आणि अंतिम सामना यांत आठवड्याचं अंतर पडू देऊ नये एवढं खरं.

पाचवी, रेपेचाजची शीट अगदी बिनचूक आखली आहे. आखाड्यांच्या स्पर्धांना ती जरूर लावावी. अंतिम फेरी गाठणाऱ्या मल्लांकडून हरलेल्यांनाच इथे दुसरी संधी मिळते आणि प्रत्येक बाजूने एक कांस्य निघतं. साक्षी मलिकला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधलं कांस्य याच वाटेने मिळालं: उपांत्यपूर्व फेरीत ती जिच्याकडून हरली, ती रशियन मल्ल अंतिम फेरीत गेली आणि साक्षीला परत बोलावणं आलं. पहिल्याच फेरीत बलाढ्य जोड पडलेल्या पोराला घरी पाठवायचं नसेल, तर यासारखा उपाय नाही.

एक उणीव पाचही शीटवर आहे: बरोबरी झाली तर काय, याचा चौकोन नाही. बाद फेरीत हा नियम आधी लिहिलेला नसेल, तर मैदानावर बैठक भरते. रणजी करंडकात अनिर्णित बाद सामना पहिल्या डावाच्या आघाडीवर सुटतो. २०२४-२५ मध्ये केरळने उपांत्यपूर्व सामना एका धावेच्या आणि गुजरातविरुद्धचा उपांत्य सामना दोन धावांच्या आघाडीवर जिंकला. अहमदाबादला गुजरातचा शेवटचा फटका जवळ उभ्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आपटून स्लिपच्या हातात गेला होता. एवढ्या निसटत्या निकालावरही वाद झाला नाही, कारण नियम आधी ठरलेला होता. कबड्डीसाठी पाच-पाच चढाया आणि तरीही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई, क्रिकेटसाठी सुपर ओव्हर, खो-खोसाठी जादा डाव, जे ठरेल ते शीटच्या उजव्या कोपऱ्यात छापून घ्या. दुकानात सांगितलं तर जास्तीचे पैसे लागत नाहीत.

ऑर्डर देताना संघांची पक्की संख्या हातात असावी. प्रवेशाची शेवटची तारीख चिठ्ठ्यांच्या किमान चार दिवस आधी ठेवा, कारण नव्याने आखलेली शीट तिसऱ्या दिवशी मिळते, आणि गणपतीच्या आठवड्यात दुकानात मंडपाच्या फ्लेक्सचीच रांग असते.