द्राक्षबागेसाठी अंदाज कुणाचा धरायचा: हवामान खातं, मोबाइल, व्हॉट्सअ‍ॅप की बागेतलं स्टेशन?

ऑक्टोबर छाटणी झाली की सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागात द्राक्ष बागायतदाराचा हात सारखा मोबाइलवर जातो. ॲपवर ढगाखाली थेंब दिसले म्हणून महागडं औषध मारावं, तर दुसऱ्या दिवशी कडक ऊन. कोरडं दाखवलं म्हणून निवांत झोपावं, तर रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागतो. 'सगळे अंदाज खोटे' हे वाक्य मग पारावर रोज ऐकू येतं. माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे चुकतात, पण प्रत्येकाची चुकायची जागा ठरलेली आहे, आणि ती कळली तर पैसे वाचतात.

मोबाइलमध्ये आयतं आलेलं हवामान ॲप सगळ्यात जास्त बघितलं जातं आणि फवारणीसाठी सगळ्यात कमी कामाचं आहे. गावाचं नाव दिसतं, तासातासाचा पाऊस दिसतो, त्यामुळं कुणीतरी आपल्या शिवारावर नजर ठेवून आहे असं वाटतं. प्रत्यक्षात आकडे येतात जागतिक मॉडेलमधून, म्हणजे संगणकावर साऱ्या पृथ्वीच्या हवामानाचं गणित मांडणाऱ्या प्रणालीतून. त्यात नावाजलेलं युरोपियन मॉडेल पृथ्वीचे साधारण ९ किलोमीटरचे चौकोन पाडतं. एका चौकोनात वीस हजार एकर! वळवाचा ढग त्याहून लहान असू शकतो. मॉडेलला तो सुटा दिसत नाही, म्हणून ते अंदाजानं थोडा थोडा पाऊस सगळ्या चौकोनावर वाटून टाकतं. ॲपवर '२ मिलिमीटर' दिसतं, मणेराजुरीत धो धो कोसळतो आणि सावळजला धूळसुद्धा बसत नाही. दोन्ही गावं ॲपला शिव्या देतात, आणि दोघांचंही खरं असतं.

ॲपच बघायचं असेल तर विंडीसारखं बघा, जिथं दोन-तीन मॉडेल शेजारी शेजारी ठेवता येतात. युरोपियन आणि अमेरिकन मॉडेल एकाच दिवशी पाऊस दाखवत असतील आणि हवामान खातंही तेच म्हणत असेल तर कामाला लागा. एक दाखवतंय आणि दुसरं कोरडं, तर औषध आणून ठेवा पण मिसळू नका. दर तासाला उघडून बघण्यात मात्र अर्थ नाही. ही मॉडेल दिवसातून दोन ते चार वेळाच नव्यानं चालतात, मधल्या वेळात तुम्ही तेच उत्तर पुन्हा वाचत असता.

हवामान खात्यावर राग वेगळ्या कारणानं असतो. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हटलं की कुठंही पडला तरी अंदाज बरोबर, असं लोक म्हणतात. त्याला मोजमाप आहे: जिल्ह्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस म्हणजे तुरळक, पन्नास टक्क्यांपर्यंत म्हणजे काही ठिकाणी. तुरळक वाचलं की चारातल्या तीन गावांना कोरडं जाण्याची शक्यता धरून चालायचं. दुसरी गफलत तारखेची. खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा असतो. मंगळवारचा इशारा दिला आणि बुधवारी पहाटे पाऊस आला, तर तो इशारा खराच ठरला.

खरी अडचण जिल्हा हे माप मोठं असण्याची आहे. साताऱ्याकडं बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. जिल्ह्याला इशाऱ्याचा एकच रंग दिला की म्हसवडच्या माणसानं त्याचं करायचं काय? अलीकडं घाट परिसराचा इशारा वेगळा देतात, ही चांगली सुधारणा झाली. आपल्याकडंही शिराळ्याचा पाऊस आणि जतचा पाऊस एका रंगात बसत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेलं ६ किलोमीटरचं मॉडेल खात्यानं मे २०२५ मध्ये कामाला लावलं. चौकोन लहान झाला, तरी तो नऊ हजार एकरांचा आहेच.

एका बाबतीत मात्र मी खात्यावर डोळे झाकून विसंबतो: समुद्रातून येणारी मोठी प्रणाली. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो शेकडो किलोमीटर पसरलेला असतो आणि मॉडेलला तीन-चार दिवस आधी दिसतो. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीचा अवकाळी असाच होता. बागांचं नुकसान झालं, पण इशारा आधी आलेला होता. तुमची बाग दोडा (फुलोऱ्याआधीची अवस्था) किंवा फुलोऱ्यात असेल आणि खातं तीन दिवस सलग पिवळा किंवा नारंगी रंग दाखवत असेल, तर पाऊस यायच्या आधीच डावणीचं (ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीच्या रोगाचं) औषध मारून घ्या. नंतर चिखलात ट्रॅक्टर जात नाही आणि घडांची गळकूज थांबत नाही. मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो, तोही वाचावा. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला मला त्याहून नेमका वाटतो, कारण तो बागेची अवस्था धरून लिहिलेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या हवामान अभ्यासकांबद्दल थोडक्यात. भाषा आपली, बोलणं ठाम. पण 'दहा ते अठरा तारखेदरम्यान भाग बदलत पाऊस' हे ऑक्टोबरात कुणीही सांगावं! चुकलेला अंदाज ग्रुपवर परत कधी दिसत नाही. पेरणीच्या गप्पांना ठीक, फवारणीला नाही.

आता पैसे घालायचा प्रश्न, म्हणजे बागेतलं स्वतःचं हवामान मोजणारं स्टेशन. विकायला येणारा 'तुमच्या प्लॉटचा अंदाज' विकतो, तिथंच सावध व्हा. तो अंदाज बहुतेकदा त्याच जागतिक मॉडेलचा असतो. स्टेशनची खरी किंमत मोजण्यात आहे. रात्री पान किती तास ओलं राहिलं, तापमान किती होतं, यावर डावणीचा धोका ठरतो, आणि हे कुठलंही फुकटचं ॲप सांगू शकत नाही. उगाच मारलेल्या फवारण्या कमी झाल्या तरच खर्च निघतो. एक-दोन एकर बाग असेल तर एकट्यानं घेऊ नका. बांधाला बांध असलेल्या तिघा-चौघांनी मिळून घ्या, वर्षाची वर्गणीही वाटली जाते. आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: फळपीक विम्याला तुमच्या स्टेशनचा आकडा चालत नाही. तिथं महसूल मंडळातल्या ठरलेल्या केंद्राचीच नोंद धरतात, मग तुमच्या बागेत कितीही पाऊस झालेला असो.

बेदाण्याचा हिशोब निराळा. एप्रिलचा वळीव दुपारनंतर तासा-दोन तासात तयार होतो, आदल्या दिवशीचा अंदाज इथं फारसा उपयोगी नाही. दुपारी तीनला उपग्रहाचं चित्र बघा आणि दामिनी ॲप चालू ठेवा. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूतली वीज ते दाखवतं. जवळ वीज पडायला लागली की आधी तारांच्या मांडवाखालची माणसं बाहेर काढायची, मग बेदाणा वाळत घातलेल्या रॅकच्या बाजूच्या ताडपत्र्या सोडायच्या. दहापैकी सात वेळा ताडपत्री फुकट सोडली असं होईल, आणि ते परवडतं. मजुरी तासाभराची जाते, उलट भिजून काळा पडलेला माल सौद्यात कवडीमोल होतो. फवारणीला हा नियम लावू नका. दहापैकी सात फवारण्या फुकट गेल्या तर वर्षाचा नफा औषधाच्या दुकानदाराकडं जाईल, म्हणून समुद्रातली मोठी प्रणाली सोडली तर तिथं खातं आणि दोन मॉडेल, असे तिघं एकमुखानं बोलेपर्यंत मी थांबतो.