लडीतला मोरपंखी आणि अंगावरचा मोरपंखी

गेल्या ऑक्टोबरात हाताने रंगवलेल्या लोकरीच्या पाच लड्या मागवल्या. ७५ टक्के सुपरवॉश मेरिनो (मेरिनो मेंढीची, धुतल्यावर आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकर), २५ टक्के नायलॉन. १०० ग्रॅमच्या लडीत साधारण ४०० मीटर बारीक लोकर. रंग मोरपंखी, जांभळा आणि मध्येच हळदीचे शिंतोडे. एका लडीचे चौदाशे रुपये. तेवढ्यात ॲक्रिलिकचा अख्खा स्वेटर होतो आणि वर टोपी, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ऐकवलं. दहा महिन्यांत मोज्यांचे दोन जोड, नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर आणि क्रोशाचा एक स्कार्फ झालाय.

पहिली चूक माझीच. लडी म्हणजे तयार गुंडा नव्हे; खुर्चीच्या पाठीला अडकवून आधी गुंडाळून घ्यावी लागते. मी तशीच विणायला घेतली आणि एक रविवार गुंता सोडवण्यात गेला.

खरा धडा मोज्यांनी दिला. १२ नंबरच्या सुयांवर ६४ टाके घातले, तर सगळी हळद घोट्याच्या एकाच बाजूला साचली. मुरगळलेल्या पायाला लेप लावावा तशी! दोष लोकरीचा नाही, गणिताचा आहे. लडीचा वेढा पसरून त्यावर रंग घालतात, त्यामुळे रंगांचा तोच क्रम दर वेढ्याला, म्हणजे दीड-दोन मीटरनंतर, परत येतो. तुमच्या फेऱ्यांना लागणारी लोकर त्या लांबीत नेमकी बसली की पिवळ्यावर पिवळा चढत जातो. उसवलं, ६० टाके घेतले, आणि तेच रंग पायाभोवती तिरपे फिरत गेले. क्रोशात ही कटकट मला कमी वाटली. एक खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, सुईवरच्या टाक्यापेक्षा बराच जास्त धागा खातो, म्हणून रंग चार-सहा खांबांत संपतो आणि ठिपके पडतात. स्कार्फ सगळ्यात देखणा झाला तो त्यामुळेच. जाळीची किंवा वेणीची वीण मात्र या लोकरीत घालू नका. मेहनत तुमची, आणि बघणाऱ्याला दिसणार फक्त रंग.

स्वेटरची गोष्ट वेगळी. पाचही लड्यांवर एकच नाव, पण दोन जरा गडद निघाल्या. हाताने, थोड्या थोड्या रंगवायच्या म्हटल्यावर हे व्हायचंच. अशा वेळी दोन गुंडे घेऊन दोन-दोन ओळी आलटूनपालटून विणायच्या असतात. पुढच्या भागाला ते केलं, पाठीला कंटाळा केला. आता खांद्यांच्या खाली सरळ रेघ दिसते. ‘अगं, पाठीला ठिगळ लावलंयस का?’ इति सासूबाई.

पहिल्यांदा भिजवल्यावर पाणी चक्क निळं झालं आणि व्हिनेगरचा वास सुटला. लोकरीचे आम्लरंग आंबटपणा आणि उष्णता यांवरच बसतात, तेव्हा वासाचं नवल नाही. पण जादा रंग विकणाऱ्यांनी नीट धुऊन काढायला हवा होता. तिसऱ्या धुण्याला पाणी स्वच्छ. सुपरवॉश असल्याने लोकर आटून घट्ट झाली नाही, उलट ओली असताना सैलावते. स्वेटर दोरीवर घातला तर गुडघ्यांकडे निघाला. तेव्हापासून टॉवेलवर आडवा पसरते.

मोज्यांच्या टाचा अजून शाबूत आहेत, नायलॉनची कृपा. स्वेटरच्या काखेत लोकरीचे बारीक गोळे आलेत. पावसाळ्यात कपाटात नुसतं ठेवू नका. कसर ही कीड नायलॉन सोडते, लोकर खाते. मी धुऊन, कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलंय.

मोज्यांसाठी पुन्हा घेईन, एकेकच लडी. स्वेटरसाठी नाही. उरलेल्या तीसेक ग्रॅमचं काय करावं ते ठरत नव्हतं, तर परवा तो गुंडा सासूबाईंच्या पिशवीत दिसला. टोपीचे टाके घालून झाले होते.