टी-टॉपच्या काचांची जांभळी पडलेली टिंट काढून नवी लावली, उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. ज्यांच्या गाडीचं छप्पर निघतं, म्हणजे टी-टॉप (मधे पट्टी आणि दोन बाजूंना दोन निघणारे पॅनल) किंवा टार्गा (एकच निघणारं पॅनल), आणि पॅनल खरंच काचेचं आहे, त्यांनी टिंटसाठी, म्हणजे काचेवर चिकटवायच्या गडद फिल्मसाठी, दुकानात पैसे घालायच्या आधी स्वतः करून बघा. पॅनल काढून टेबलावर घेता येतं, मान वाकडी करून गाडीत बसून काम करावं लागत नाही, उजेड हवा तिथून घेता येतो, आणि हाच सगळ्यात मोठा फायदा आहे. नवी फिल्म लावणं हे तसं सोपं काम, जुनी काढणं हे खरं काम, हे मात्र डोक्यात ठेवून सुरुवात करा.

माझी गाडी १९८० ची कॉर्व्हेट, सी३, म्हणजे तिसरी पिढी. १९६८ ला हे मॉडेल आलं तेव्हापासून कूपेला टी-टॉप होतेच, काचेचे पॅनल १९७८ पासून ऑप्शन म्हणून मिळायला लागले, माझ्या गाडीला तेच आहेत. काच मुळात टिंटेड असते, ती काही खराब होत नाही. खराब होते ती नंतर कुणीतरी आतून चिकटवलेली फिल्म. आधीच्या मालकाने साधी डाय केलेली फिल्म लावून घेतली होती, आणि डॅलसच्या उन्हात तिचं जे व्हायचं तेच झालं, यूव्हीने डायमधले बाकीचे रंग उडाले आणि जांभळा तेवढा उरला. जागोजागी फुगे, कडेला पापुद्रे. दुपारी गाडीत बसलं की हात, सीट, डॅशबोर्ड सगळ्यावर जांभळी झाक यायची, आणि ऊन तर अडतच नव्हतं, डोक्यावर तवा ठेवल्यासारखं व्हायचं.

मार्चमध्ये दोन्ही पॅनल काढून गॅरेजसमोर टेबलावर जाड टॉवेल टाकून उलटे ठेवले. काळ्या कचऱ्याच्या पिशवीची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असेल, अमोनियाचं पाणी फिल्मवर फवारायचं, वर काळं प्लॅस्टिक घट्ट चिकटवायचं आणि उन्हात तापू द्यायचं. गाडीच्या आत हे करायचं म्हणजे वासाने जीव जातो आणि सीटचं लेदर, हेडलायनर (छताचं आतलं कापड) सगळं सांभाळत बसावं लागतं. इथे पॅनल बाहेर मोकळ्यावर, त्यामुळे मास्क आणि ग्लोव्हज घालून निवांत करता आलं. घरात कपड्यांचा स्टीमर असेल तर तो त्याहून बरा, वाफ एका कोपऱ्यावर धरायची, फिल्म मऊ पडली की नखाने उचलायची आणि अगदी हळू, काचेला जवळजवळ लागून मागे ओढत न्यायची. घाईने झटका दिला की वरचा पापुद्रा हातात येतो आणि गोंद सगळा काचेवर राहतो.

गोंद थोडा तरी राहतोच. हे काम कंटाळवाणं आहे पण सगळं यश इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काच सतत साबणाच्या पाण्याने ओली ठेवायची, नवं कोरं ब्लेड घ्यायचं, आडवं धरून एकाच दिशेने ढकलायचं, मागे ओढायचं नाही, आणि ब्लेड जरा बोथट वाटलं की लगेच बदलायचं. लॅचजवळच्या (पॅनल अडकवायच्या खटक्याजवळच्या) कोपऱ्यात ब्लेड पोचत नाही, तिथे गोंद काढायचं लिक्विड कापडावर घेऊन धरून ठेवायचं आणि जुनं क्रेडिट कार्ड तासून त्याच्या टोकाने खरवडायचं. मग चार शून्यवाली, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल ओल्या काचेवर हलक्या हाताने. शेवटी डोळे मिटून बोटं फिरवा, डोळ्याला काच स्वच्छ दिसते पण बोटाला कण लागतो. तो एक कण राहिला तर नव्या फिल्मखाली कायमचा टेंगूळ.

फिल्म मी नॅनो-सिरॅमिक घेतली (डायऐवजी सिरॅमिकचे अतिबारीक कण असलेली), २० टक्क्यांची, म्हणजे २० टक्के उजेड आत सोडणारी. ब्रँडचं नाव घेत नाही कारण माझ्या मते चांगल्या कंपन्यांच्या सिरॅमिकमध्ये जेवढा फरक आहे त्याहून जास्त फरक लावणाऱ्या हाताने पडतो. एक हिशोब करा मात्र, काच आणि फिल्म यांचे टक्के बेरजेत नाही तर गुणाकारात जातात, काचेतून ७० टक्के उजेड येत असेल आणि वर २० टक्क्यांची फिल्म लावली तर उरतो १४. टी-टॉपची काच ७० पेक्षा बरीच गडद असते, म्हणून ५ टक्क्यांची फिल्म घ्यायच्या फंदात पडू नका, काच असून नसल्यासारखी होईल. बाजूच्या काचांना मी हात लावला नाही, टेक्ससात पुढच्या दारांच्या काचेतून किमान २५ टक्के उजेड जावा लागतो.

पॅनलला दोन्हीकडून बाक आहे त्यामुळे फिल्म सपाट बसत नाही. आधी ती बाहेरच्या, फुगीर बाजूवर आकारात आणावी लागते. कोरड्या काचेवर चिमूटभर बेबी पावडर चोळली, फिल्म पसरली आणि हीट गन लांबून फिरवली. ही फिल्म रोलच्या लांबीच्या दिशेने नीट आकसते, आडवी फारशी नाही, म्हणून जास्तीची फिल्म त्या दिशेला आणून मगच गरम करायची, नाहीतर चुण्या जळतात. आकार बसला की उलटून आतल्या बाजूला डिस्टिल्ड वॉटर आणि बेबी शाम्पूच्या दोनचार थेंबांवर फिल्म सरकवली आणि स्क्वीजीने (पाणी निपटायच्या रबरी पट्टीने) मधून कडेकडे पाणी काढलं. कडेला मिलिमीटरभर जागा सोडा, टोकाला टेकवलेली फिल्म हमखास उचलते.

पहिले काही दिवस धुरकट दिसतं, पाण्याचे बारीक फुगे दिसतात, घाबरू नका, सुकलं की जातात. तोवर पॅनल काढून ठेवू नका आणि आतून पुसूही नका.

आता दिवाळी तोंडावर आलीये, अख्खा उन्हाळा गेला, शंभर फॅरेनहाइटच्या वरचे दिवस भरपूर झाले. रंग जसाच्या तसा, मोठा फुगा एकही नाही. सगळ्यात जाणवतो तो डोक्यावर आणि मांडीवर पडणाऱ्या उन्हाचा फरक, चटका गेला, सौ. आता दुपारीही शेजारी बसायला तयार असते. पण पार्किंगमध्ये तासन्‌तास उभी ठेवली तर गाडी तापतेच, आणि काच स्वतः हाताला गरम लागते कारण फिल्म उष्णता थोडी अडवते आणि थोडी स्वतः पिते. एसी लवकर गार करतो एवढं नक्की. रात्री आकाश आधीसारखं स्वच्छ दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

झीज दिसते ती एकाच जागी, ड्रायव्हरच्या बाजूच्या लॅचपाशी, जिथे पॅनल काढताना दरवेळी बोटं लागतात. तिथली कड जरा उचलली होती, ती कापून टाकली. पॅनल सीटच्या मागे ठेवताना फिल्मची बाजू कशालाही घासू देऊ नका, मी दोन्ही पॅनल जुन्या मऊ गोधडीत गुंडाळतो. पुसायला फक्त मायक्रोफायबर आणि साबणाचं पाणी, अमोनियावालं ग्लास क्लीनर नको.

आणि हे नीट वाचा, काम सुरू करायच्या आधी पॅनल काचेचंच आहे ना ते बघा. १९८४ ते १९९६ च्या सी४ ला, म्हणजे पुढच्या पिढीच्या कॉर्व्हेटला, जे पारदर्शक छप्पर यायचं ते अ‍ॅक्रिलिकचं, निळ्या किंवा ब्राँझ रंगाचं, आणि तो रंग प्लॅस्टिकच्या आतच असतो. त्यावर अमोनिया, अल्कोहोल, ब्लेड यातलं काहीही चालत नाही, बारीक तडे जातात. वरून फिल्म लावली तर प्लॅस्टिकमधून निघणाऱ्या वायूने ती फुगते. कोपऱ्यातला छाप बघा, एएस-१, २ किंवा ३ असेल तर काच, त्यापुढचे बरेच आकडे प्लॅस्टिकचे. अ‍ॅक्रिलिक धुरकट झालं असेल तर बारीक वॉटर पेपर आणि प्लॅस्टिक पॉलिश, आणि तडे आत खोलवर गेले असतील तर दुसरं पॅनल शोधायला लागा.